वाजत्या अलार्मची वॉच

‘पराभव समोर दिसू लागताच प्रशिक्षक धांडे सामना अर्ध्यावर टाकून निघून गेले. मुले सैरभैर झाली आणि हरली. पुढे त्या सामन्याचे काय झाले, हे त्यांनी कधी कुणाला विचारलेही नाही. माणूस कलंदर होता. पण जबाबदारी त्यांना पेलली नाही.’

सिंगापुरातील मराठी मंडळींनी काढलेल्या यंदाच्या दिवाळी अंकात कै. मधुकर धांडे यांच्यावर श्री. पाठक यांनी श्रद्धांजलीचा जो लेख लिहिला, त्यातील ही वाक्ये आहेत. श्रद्धांजली हा शब्द मी त्यांच्याच शीर्षकातून घेतला आहे. लेखाचा बाकीचा भाग गोड आहे, आणि म्हणूनच ही वाक्ये अधिक खोल जातात. पाठक मोठ्या संगणक कंपनीत व्यवस्थापक आहेत, भाषा चांगली लिहितात, त्यांचा मुलगा आदित्य त्या संघात खेळत होता. एवढ्या पुराव्यावर लोक त्यांच्यावर विश्वास ठेवतात. परंतु त्या दिवशी पाठक ऑफिसचा कॉल संपवून सभागृहात आले, तेव्हा सामन्याचा शेवटचा भाग सुरू होऊन बराच वेळ झाला होता. त्यांनी एक रिकामी खुर्ची पाहिली आणि एक पराभव पाहिला. दोहोंना जोडणारी दोरी त्यांनी घरी बसून वळली.

मी आरंभापासून तिथे होतो. आणि धांडे उठला तेव्हा त्याच्याबरोबर उठलेला दुसरा माणूस मीच होतो.

हे मी लिहिलेही नसते. या वयात प्रत्येक चुकीच्या मजकुराशी भांडत बसलो तर जेवायला वेळ मिळणार नाही, असे माझी सून म्हणते, आणि ते बरोबर आहे. परंतु कुणीतरी त्या पानाचा फोटो नागपूरला धांडेच्या पत्नीला पाठवला. सुमनवहिनींचा फोन आला. आवाज अगदी शांत होता.

“भाऊजी, हे असे टाकून आले होते का हो तिथून? मला कधी बोलले नाहीत त्या मॅचबद्दल. मी विचारलं तर म्हणायचे, ‘ते झालं आता.’ म्हणून विचारते.”

“नाही, वहिनी,” मी म्हणालो.

“मग काय झालं होतं?”

फोनवर मला ते नीट सांगता आले नाही. बोलता बोलता मी पाठकांवरच घसरलो आणि वहिनी ऐकत राहिल्या. म्हणून हे लिहितो आहे.

‘कलंदर’ हा शब्द मी प्रथम खोडतो. ज्याच्या पँटच्या मागच्या खिशात चौपदरी घडी घातलेले सुती फडके कायम असे, ज्याच्या सिंगापुरातल्या यिशुन भागातील भाड्याच्या खोलीत चपलासुद्धा भिंतीला समांतर ठेवलेल्या असत, त्याला कलंदर कोणत्या अर्थाने म्हणावे? धांडे नागपूरचा. समुद्र पाहण्याआधी त्याने बास्केटबॉल पाहिला होता. धरमपेठेकडच्या कुठल्याशा मैदानावर, उन्हाने तापलेल्या सिमेंटवर तो अनवाणी खेळला होता, आणि बोटीवरच्या इंजिनरूममध्ये उतरला तेव्हा म्हणाला होता, “साहेब, इथं तर आमच्या मे महिन्यापेक्षा गार आहे.” इंजिनरूममध्ये कुणी असे म्हटलेले मी त्याआधी किंवा त्यानंतर ऐकले नाही.

तेव्हा मी त्या जहाजाचा चीफ इंजिनियर होतो आणि तो चौथा इंजिनियर, म्हणजे अधिकाऱ्यांतला सर्वांत धाकटा. एके दुपारी माझ्या केबिनमध्ये तिसरा इंजिनियर तक्रार घेऊन आला, की धांडे वॉच देत नाही. वॉच म्हणजे इंजिनरूममधली पाळी. पाळी संपली की दुसरा माणूस खाली येतो, पहिला त्याला तोंडाने सगळे सांगतो, दुसरा तोंडाने ‘घेतली’ म्हणतो, आणि मगच पहिला वर जातो. तोंडाने सांगितल्याशिवाय कुणी जागा सोडत नाही. मी खाली गेलो. तेल शुद्ध करणाऱ्या यंत्राचा अलार्म वाजत होता, आणि धांडे त्यात कोपरापर्यंत हात घालून बसला होता.

“अरे, तुझा रिलीफ आला आहे,” मी ओरडलो. “वर जा, जेव.”

“जाणार न साहेब. पण अलार्म वाजून राहिला.”

“तो बघेल की!”

“बघतील ते. पण वाजत्या अलार्मची वॉच मी देत नाही. चालत्या गाडीची देईन.” यंत्राला तो गाडीच म्हणे.

जेवणाची वेळ टळून गेली. अलार्म बंद झाला, यंत्र गुणगुणू लागले, तेव्हा त्याने फडक्याने हात पुसले, तिसऱ्याला सगळे पुन्हा पहिल्यापासून सांगितले, ‘घेतली’ हा शब्द ऐकला आणि वर गेला. तिसरा इंजिनियर बराच काळ त्याच्याशी बोलत नव्हता. मला मात्र त्या दिवसापासून माझ्या केबिनमध्ये झोप चांगली लागू लागली.

दुसरा एक गैरसमज असा, की धांडे तापट होता. तापट मी आहे. धांडेचा आवाज मोठा होता. राग त्याच्या आवाजात क्वचितच असे. वर्षानुवर्षे समुद्रावर काढून तो इथल्या एका खासगी महाविद्यालयात नौका-अभियांत्रिकी शिकवायला आला, आणि मुलांनी त्याला जहाजावरचेच नाव दिले: चीफ. त्या महाविद्यालयाला पुरुषांचा बास्केटबॉल संघ नव्हता. कॅन्टीनमागच्या एकाच बास्केटवर काही मुले चेंडू टाकत होती, ते पाहून हा गृहस्थ प्राचार्यांकडे गेला आणि खासगी महाविद्यालयांच्या लीगमध्ये आपल्या संघाचे नाव घालून बाहेर आला. संघ तेव्हा अस्तित्वातच नव्हता. तो त्याने नंतर जमवला.

सरावाला हॉल मिळेना, म्हणून यिशुनमधल्या त्याच्या इमारतीखालच्या उघड्या कोर्टवर संध्याकाळी सराव चाले. बेडोकच्या माझ्या घरून एमआरटी मेट्रोने मी तिथे जाई. निवृत्त माणसाला लांबचा प्रवास हे एक कामच असते. कोर्टाकडेच्या बाकावर शेजारच्या चिनी आजी पंख्याने वारा घेत बसत आणि धांडेने आरडाओरडा केला की आनंदाने हसत.

त्याचा एक नियम मुलांना विचित्र वाटे. कोर्टवरून बाहेर येणाऱ्याने आत जाणाऱ्याचा हात धरायचा आणि मोठ्याने सांगायचे: मी कुणाला अडवत होतो, तो कोणत्या हाताचा आहे, तो कुठे वळतो. आत जाणाऱ्याने ते परत म्हणून दाखवायचे आणि मग ‘टेकन’ म्हणायचे. त्याशिवाय खेळ सुरू होत नसे. एकदा आदित्य पाठकला त्याने बाहेर बोलावले. मुलगा फुरंगटून, कुणाचा हात न धरता, सरळ पाण्याच्या बाटलीकडे गेला.

धांडेने खेळ थांबवला. “आदित्य! हू इज युवर मॅन?”

“नंबर सेव्हन, लाह. एव्हरीबडी कॅन सी.”

“काऊन बे, पाहुणा आहेस का तू? आला, जेवला, निघाला?” हे मराठीत. मग सगळ्यांसाठी इंग्रजीत: “यू लीव्ह द पोस्ट, यू टेल द मॅन. नो टेलिंग, नो लीव्हिंग.”

कर्णधार वेई जिए आदित्यच्या जागी उतरणार होता. उंच, शांत मुलगा. तो हात पुढे करून तसाच उभा राहिला. आदित्यने बराच वेळ आकाशाकडे पाहिले. बाकावरच्या आजींनी पंखे थांबवले. अखेर तो परत आला, हात धरला आणि सात नंबरच्या खेळाडूची सगळी खोड सांगितली; आणि मला सांगितलेच पाहिजे की ती खोड त्याने फार बारकाईने पाहिलेली होती.

“टेकन,” वेई जिए म्हणाला.

“आता पी पाणी, राजा,” धांडे म्हणाला.

हंगामाची सुरुवात वाईट झाली. पहिल्या सामन्यात आमची अशी धूळधाण उडाली, की शेवटी समोरच्या संघाचा प्रशिक्षक शरमून आपली चांगली मुले बाहेर बसवू लागला. नंतर धांडे सगळ्यांना हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या टपऱ्यांच्या मंडईत, घेऊन गेला. मला वाटले, आता भाषण होणार. त्याने खिशातून सावजी मसाल्याची लहान बरणी काढली, कारण इथल्या मिरचीला तो ‘मुरांबा’ म्हणत असे, आणि आपल्या नूडल्सवर ती निम्मी रिकामी केली. फरहान नावाचा आमचा बास्केटखाली खेळणारा धिप्पाड मुलगा होता. त्याने ‘मे आय, चीफ?’ म्हणून चिमूटभर घेतला आणि पुढचा अर्धा तास तो उसाचा रस पीत राहिला. सगळे हसले. मग धांडेने बशा सरकवल्या, सॉसच्या बाटल्या मांडल्या आणि बाटल्यांनी बशांना कुठे अडवायला हवे होते ते दाखवले. गुणांबद्दल तो एक शब्द बोलला नाही. मी बोललो. मी म्हणालो, “धांडे, एवढ्या फरकाने हरल्यावर—”

“साहेब, ती वॉच संपली. पुढची सांगा.”

पुढची हळूहळू सुधारली. एक सामना जिंकला, मग आणखी एक. हंगाम संपत आला तेव्हा अशी स्थिती होती, की शेवटचा सामना जिंकला तर पहिल्याच वर्षी आमचा संघ बाद फेरीत जाणार होता. मुले कॉलेजच्या व्हरांड्यात छाती पुढे काढून चालू लागली होती.

आणि त्याच सुमारास महाविद्यालयाने नौका-अभियांत्रिकीचा विभाग बंद करायचे ठरवले.

इथे राहणाऱ्यांना याचा अर्थ सांगायला नको. नागपूरच्या वाचकांसाठी सांगतो. धांडे एम्प्लॉयमेंट पासवर होता. नोकरी गेली की पास जातो. मग आवराआवरीपुरती थोडी मुदत मिळते आणि ती संपण्याच्या आत देश सोडावा लागतो. त्यात कुणाचा दुष्टावा नसतो. दुष्टावा असता तर मला भांडता आले असते.

मी भांडायला गेलो. बंदराजवळ हार्बरफ्रंटला ज्या इमारतीत मी बोट सोडल्यावर अर्धे आयुष्य जहाजांची कामे पाहिली, जिथे माझ्या होकारावाचून कुठल्याही इंजिनाची दुरुस्ती पुरी झाली असे मानले जात नसे, तिथे आता खाली रिसेप्शनवर मला पाहुण्याचा स्टिकर छातीवर लावावा लागला. जुन्या ओळखीच्या एका कंपनीत धांडेला कसलीही जागा मिळते का ते विचारले. माझ्याशी बोलणारा गृहस्थ माझ्या मुलापेक्षा लहान होता आणि माझे नाव त्याने कागदावर लिहून घेतले, तेव्हाच मला कळले. मग महाविद्यालयात गेलो. तिथल्या तरुण बाईंनी मला चहा दिला.

“अंकल, वी ऑल्सो फील बॅड, बट द पास फॉलोज द जॉब. वी कॅनॉट डू एनीथिंग.”

मुदत वाढवण्याचा अर्ज केला, तो नाकारला गेला. मी आवाज चढवला असता, पण कुणावर? सगळेच नम्र होते. चहा चांगला होता.

धांडेने मला एकच अट घातली. “पोट्ट्यांना सांगायचं नाही साहेब. हंगाम संपेपर्यंत नाही. त्यांच्या डोक्यात मॅच आहे, तिथं माझा पास कायले घालता?”

“तू अचानक दिसेनासा झालास की काय समजतील ते?”

“दिसेनासा कायले होईन? मॅच माझ्या मुदतीच्या आत आहे न.”

होता खरा. परंतु ज्या हॉलमध्ये सामना व्हायचा, तिथे परीक्षा आल्या आणि सामना पुढे गेला. नेमका धांडेच्या मुदतीच्या शेवटच्या दिवसावर, दुपारी. विमान संध्याकाळचे होते, त्याच्या नंतरचे मिळण्यासारखे नव्हते. ठिकाण बदलून बेडोकचा हॉल ठरला, एवढीच मेहेरबानी. बेडोकहून विमानतळ जवळ आहे. मी हिशेब मांडून पाहिला. पूर्ण सामना होणे शक्य नव्हते. चारपैकी तिसऱ्या भागापर्यंत त्याला बसता येणार होते, ते देखील मी टॅक्सी दारात उभी ठेवली तर. त्याने सामान सकाळीच माझ्या घरी आणून ठेवले होते. एक बॅग आणि एक बास्केटबॉल. बास्केटबॉलमधली हवा काढून तो बॅगेत घाल, असे मी सुचवले, तर माझ्याकडे असे पाहिले की मी विषय बदलला.

सामना सुरू झाला. मी त्याच्या मागच्या खुर्चीवर होतो. खाली टॅक्सी उभी होती. पहिले दोन भाग बरोबरीचे गेले असे म्हणता येईल. तिसऱ्यात वेई जिएचा पाचवा फाऊल झाला, म्हणजे कर्णधार सामन्यातून बाहेर. तिथून आमची घडी विस्कटली. समोरचे धडाधड गुण करू लागले. फरहान एकटा बास्केटखाली हात पसरून उभा होता.

निघायची वेळ झाली. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. “धांडे.”

“थांबा न साहेब.”

“टॅक्सी उभी आहे.”

“आत्ता नाही. अलार्म वाजून राहिला.”

त्याने वेई जिएच्या जागी आदित्यला उठवले. त्या गोंगाटात, मुले ओरडत असताना, वेई जिएने आदित्यचा हात धरला आणि सांगितले. आदित्यने शब्द न शब्द परत म्हणून दाखवला. ‘टेकन.’ पंच शिट्टी फुंकून घाई करत होता. धांडे खाली मान घालून ऐकत होता, जसे आम्ही डोळे मिटून इंजिनाचा आवाज ऐकतो.

मी पुन्हा घड्याळ दाखवले. मुदत ओलांडली तर काय होते ते मला माहीत होते, आणि त्या खुर्चीवरून त्याला उठवण्याचे बळ माझ्या अंगात नव्हते. मी चीफ इंजिनियर असताना त्याला उठवू शकलो नव्हतो. आता तर मी फक्त एक म्हातारा होतो.

“थांबा,” तो पुन्हा म्हणाला.

मुले सावरली. आदित्यने एक चेंडू हिसकावला, फरहानने दोनदा गुण केले. मग आदित्य डावीकडून आत शिरला, उडी मारली, आणि चेंडू फळ्याला लागून जाळीत गेला. बाकावरची मुले उभी राहून ओरडली. धांडे मात्र बसल्या जागी वळला. त्याने वेई जिएला जवळ ओढले आणि त्याच्या कानाशी बोलू लागला: कोण दमला आहे, कुणाला कधी बाहेर घ्यायचे, समोरचा उंच मुलगा उजवीकडून आला की फरहानने काय करायचे. सगळे सांगून झाल्यावर मागच्या खिशातले चौपदरी फडके काढून त्याने त्या मुलाच्या हातात ठेवले.

वेई जिएने फडक्याकडे पाहिले, मग त्याच्याकडे. तो हुशार मुलगा होता. त्याने काही विचारले नाही. जे ऐकले ते परत म्हणून दाखवले आणि म्हणाला, “टेकन, चीफ.”

“चला साहेब,” धांडे उठला.

दाराशी पोहोचेपर्यंत त्याने मागे पाहिले नाही. मी पाहिले.

टॅक्सीत तो बास्केटबॉल मांडीवर घेऊन बसला. ईस्ट कोस्टची झाडे मागे पळत होती. विमानतळ दिसू लागला तेव्हा माझ्या फोनवर मेसेज वाजला; निकाल कळव असे मी निघताना वेई जिएला सांगितले होते.

“नका सांगू,” धांडे म्हणाला.

“अरे, पण तुला—”

“वर गेलेला माणूस खाली फोन करून विचारतो का साहेब, गाडी कशी चालू आहे म्हणून? विचारलं, तर ज्यानं घेतली त्याच्यावर भरोसा नाही असं होते. तुम्हीच शिकवलं न.”

मी शिकवले होते. पाठकांनी लिहिलेले ‘विचारलेही नाही’ हे एवढेच खरे आहे, आणि त्याचा अर्थ काय हे जो कधी इंजिनरूममध्ये उतरला आहे त्याला मला सांगावे लागणार नाही.

पासपोर्ट दाखवण्याच्या फाटकापर्यंत मला जाता येत होते, त्याच्या पुढे नाही. तो म्हणाला, “येतो साहेब. वहिनींना नमस्कार सांगा.” माझी पत्नी जाऊन तेव्हा बराच काळ लोटला होता, हे त्याला ठाऊक होते, गडबडीत तोंडून निघून गेले. मी ‘सांगतो’ म्हणालो. फाटकाशी त्याचे हात घामाने ओले झाले असावेत. सवयीने त्याने मागच्या खिशाकडे हात नेला. खिसा रिकामा होता. क्षणभर तो तसाच थांबला, मग हात पँटला पुसले, पासपोर्ट पुढे केला, आणि बास्केटबॉल काखेत धरून आत गेला. त्यानंतर मी त्याला पाहिले नाही.

फोन मी नंतर उघडला. आपण हरलो होतो. थोड्या गुणांनी, शेवटच्या क्षणी. वेई जिएने पुढे लिहिले होते, ‘सॉरी अंकल, प्लीज टेल चीफ सॉरी.’ मी ते चीफला कधीच सांगू शकलो नाही, कारण चीफने कधी विचारले नाही.

पाठकांनी घरी आदित्यला विचारले होते म्हणे. मुलगा म्हणाला, “कोच वेंट ऑफ, देन वुई लॉस्ट, लोर.” दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. मुलाने त्या एकीपुढे एक ठेवल्या, बापाने एकीतून दुसरी काढली. वेई जिए हल्ली जहाजावर असतो, इंजिनरूममध्ये. त्याला विचारण्याची तसदी कुणी घेतली नाही. माझ्यावरही विश्वास ठेवू नका. मी धांडेचा मित्र आहे, म्हातारा आहे आणि भांडखोर आहे, हे अंकाच्या संपादकांनी मला पूर्वी लेखी कळवलेलेच आहे.

परंतु वहिनी, तुम्ही विचारलेत ते हे. विमान चुकण्याच्या बेतात असताना तो त्या खुर्चीवर बसून कशाची वाट पाहत होता, हे मी त्याच्या मागे बसून पाहिले, आणि ते कुणालाही बदलता येणार नाही. पराभव पाहून पळालेल्या त्या माणसाने वॉच दिली ती आदित्यच्या त्या बास्केटनंतर. आणि त्या बास्केटने गुणफलकावर आपला संघ पुढे गेला होता.